नाक्यावर उभी राहिलेली बाई

५ मे ही तारीख नोकरीधंदा करणाऱ्या बायकांनी कॅलेंडरवर, गॅस सिलिंडर कधी लावला त्या नोंदीच्या शेजारी, लिहून ठेवावी अशी आहे. १९९२ साली याच दिवशी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी जगातली पहिली फक्त बायकांची लोकल सोडली. बरोबर ११ वर्षांनी, २००३च्या ५ मेला, अमेरिकेत लिंक्डइन सुरू झालं. दोन्हीकडे मिळणारा माल एकच, ओळखी. पहिलीकडे धक्के खाता खाता ओळखी होतात, दुसरीकडे आधी ओळखी होतात आणि धक्के मागाहून बसतात. लिंक्डइनवर जो तो 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' असं म्हणत फिरत असतो. लेडीज डब्यात अत्यंत आनंद फक्त खिडकी मिळाली तर होतो, आणि तोही कळवायचा नसतो, नाहीतर कोणीतरी 'जरा सरका' म्हणतं.

बोरिवलीपर्यंतची ती गाडी पुढच्या वर्षी विरारपर्यंत गेली, तेव्हा कुठे आमच्या भाईंदरच्या वाट्याला आली. लिंक्डइन मात्र आमच्या तारोडी गावापर्यंत थेट आलं. रेंज असली तर.

परवा त्याच वाटेने एक निमंत्रण येऊन पडलं. व्यावसायिक महिलांसाठी नेटवर्किंगची संध्याकाळ. स्थळ बीकेसीतलं पंचतारांकित हॉटेल. साडेसहाला चहा, सात वाजता दिवा लावणं, मग 'काचेचं छत फोडताना' या विषयावर परिसंवाद, साडेआठनंतर मोकळं नेटवर्किंग आणि त्यानंतर जेवण. आठवड्याच्या मधल्या वारी. पेहराव स्मार्ट फॉर्मल. लवकर नोंदणी केली तर फीमध्ये सवलत.

ज्या कोणी हा कार्यक्रम आखला त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे, हे मी पत्रिका वाचूनच सांगते. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची २८९ मिनिटं घालवते असं निघालं. घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. हा जो करतो त्या पुरुषाचा आकडा आहे बरं का, न करणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत. तेव्हा साडेसहा ते दहा ही वेळ कोणाच्या सोयीची आणि ती कोणाच्या पोळ्यांवर काढलेली, हे काचेचं छत फोडायच्या आधी एकदा विचारायला हरकत नव्हती.

बरं, पोळ्या सकाळीच लाटून गेलो असं धरू. परतीचं काय? बीकेसीतून वांद्र्याला रिक्षा, म्हणजे पहिलं नेटवर्किंग रिक्षावाल्याशी. मग विरार लोकल. तिच्यात आधी चढणं हा एक पराक्रम आणि भाईंदरला उतरू दिलं जाणं ही सहप्रवासिनींची कृपा. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनकडची बस, नाहीतर शेअर रिक्षा, आणि शेअर रिक्षा भरेपर्यंत तीत एकटीनं बसून राहणं. मुर्धा, राई, मोरवा मागे टाकत डोंगरीच्या बाजूला वळलं की दिवे विरळ होतात. एवढं करून दारात पोचलेल्या बाईला घरात कोणी विचारलं की एवढा वेळ काय करत होतीस, तर तिनं काय सांगायचं? ओळखी? रात्री साडेअकराला?

अशा कार्यक्रमांत शिकवतात काय, तेही एकदा नीट बघायला हवं. लिफ्टमध्ये कंपनीचा सर्वांत मोठा साहेब भेटला तर दोन मजल्यांच्या आत, ३० सेकंदांत, आपली छाप कशी पाडायची याचा सराव करून घेतात. तारोडीत बहुतेक घरं बैठी. लिफ्ट नाही, त्यामुळे छापही नाही. साहेब म्हणावा असा माणूस या बाजूला फिरकलाच तर तो मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची जमीन बघायला आलेला असतो, आणि त्याला सांगण्यासारखं गावाकडे जे आहे ते ३० सेकंदांत मावत नाही.

मग आत्मविश्वास. बायकांमध्ये आत्मविश्वास कमी असतो म्हणून त्या मागे पडतात, असं एक मोठं दुकान सध्या जोरात चाललं आहे. पहाटे साडेचारला उठून दोन डबे भरून, चालत्या गाडीत चढून, रोज तीन-चार तास प्रवास करून ऑफिसात वेळेवर पोचणाऱ्या बाईत आत्मविश्वास कमी आहे हे सांगायला खरंच आत्मविश्वास लागतो. आत्मविश्वास शिकवायला एक माइक आणि एक सतरंजी पुरते. शेवटची बस वाढवून मागायला महापालिकेत जावं लागतं. दुकान पहिल्या मालाचंच निघणार.

माझं म्हणणं वेगळं आहे. बायकांना माणसं कमी पडत नाहीत. जवळच्या माणसांचा तर त्यांच्याकडे सुकाळ आहे. बहिणी, जावा, नणंदा, शेजारणी, भिशीचा ग्रुप, बचत गट, गाडीतल्या मैत्रिणी. रात्री दोन वाजता पोराला ताप भरला तर दार ठोठवायला पाच घरं आहेत. कमी पडतात त्या नुसत्या ओळखीच्या बायका. ज्यांच्या घरी आपण जात नाही, ज्यांचं आडनावही धड ठाऊक नसतं, वाटेत दिसल्या तर मान हलवण्यापुरता संबंध. आणि नोकऱ्या लागतात त्या नेमक्या अशाच माणसांच्या हातून.

हे मी मनाचं सांगत नाही. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं, आणि त्याचा तो निबंध समाजशास्त्रात आजवर सर्वाधिक उद्धृत झालेल्या निबंधांपैकी आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याने तुम्हाला जागेची खबर दिली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटायचा, असं म्हणणारे सहांत जेमतेम एक निघाले. बाकीच्यांच्या बाबतीत अधूनमधून, नाहीतर क्वचित कधीतरी. कारण सोपं आहे. जिवलग मैत्रिणीला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवी खबर आणते ती दुसऱ्या गोटात वावरणारी, अर्धवट ओळखीची बाई. लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली आले, त्यातही फार जवळची माणसं नोकरी बदलायला फारशी उपयोगी पडत नाहीत असंच निघालं. ५० वर्षांत निष्कर्ष तोच राहिला, खर्च तेवढा वाढला.

एक गंमत राहिली. ग्रॅनोव्हेटरने न्यूटनमध्ये ज्यांना विचारलं ते सगळे पुरुष होते. बायकांना विचारायचं सुचलं नसावं, किंवा त्या स्वयंपाकात असाव्यात.

आता पुरुषांकडे अशा अर्धवट ओळखी येतात कुठून? कुठल्याही गावच्या नाक्यावर संध्याकाळी सातला येऊन बघा. आमच्याकडे या. एक कटिंग चहा, चार माणसं, कामधंदा शून्य. त्यांतला एक वीज कंपनीत, एक कंत्राटदाराकडे सुपरवायझर, एकाचा साडू वसईच्या कुठल्याशा कारखान्यात स्टोअरला. चौथा काय करतो ते कोणालाच माहीत नाही, पण तो रोज असतो. विषय क्रिकेट, राजकारण, जमिनीचे भाव. मधेच एक जण म्हणतो, "अरे, तुझ्या पोराचं काय झालं? आयटीआय झालं ना त्याचं?" दुसरा म्हणतो, "झालं की. बसलाय घरी." तिसरा म्हणतो, "उद्या पाठव साडूकडे. मी फोन करतो." आणि गाडी परत कोहलीवर येते. झालं नेटवर्किंग. दिवा लावला नाही, परिसंवाद झाला नाही. चहाचे पैसेही कोणी दिले ते नक्की नाही.

पुरुषांचं नेटवर्किंग हे असं काही न करता होतं. ती त्याची पहिली अट आहे. काहीही काम नसताना, सार्वजनिक जागी, रोज, ठरावीक वेळी दिसत राहणं. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा घ्या. या सगळ्या पट्ट्यात दर हिवाळ्यात मैदानं गजबजतात. चषक, टी-शर्ट, मंडप, रात्रभर लाऊडस्पीकर. एका टोकाला बॅट घेऊन कंत्राटदार उभा असतो आणि दुसऱ्या टोकाला ज्याच्या सहीने बिल निघतं तो. दोघांमध्ये धाव पूर्ण होते. बायका त्या दिवशी मैदानावर असतात, वडापावच्या स्टॉलवर.

आता त्याच नाक्यावर संध्याकाळी सातला तीन बायका उभ्या करा. पिशवी नाही, पोर नाही, नुसत्या उभ्या. पहिली बस येते, जाते. या तशाच. दुसरी जाते. पाचव्या मिनिटाला कोणीतरी काळजीने विचारायला येतो, "काय गं, काय झालं? कोण गेलं काय?" बाई कामाशिवाय नाक्यावर उभी म्हणजे एकतर मयत, नाहीतर भानगड. तिसरी शक्यता गावाच्या डोक्यात बसत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांचा वावर कित्येक वर्षं अभ्यासला आणि २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. शहरात बाई दिसते ती कायम कुठूनतरी कुठेतरी जाताना, हे त्यांनी टिपलं. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात घाई, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की बाई कामाची आहे. त्यांनी मागणी केली ती विनाकारण रेंगाळण्याच्या हक्काची. तेव्हा बऱ्याच शहाण्यांनी नाकं मुरडली. रस्त्यावर उनाडक्या करायचा हक्क कसला मागता, पाणी मागा, शौचालय मागा. त्यांनी शौचालयंही मागितली होती, पण ते पान वाचायला वेळ कोणाला. मी त्यांच्या मागणीला एक पुरवणी जोडते. बाईला रेंगाळता येत नाही म्हणून तिची नुसती ओळख होत नाही, आणि नुसती ओळख होत नाही म्हणून तिला बढती मिळत नाही. ऑफिसातही तेच. खाली टपरीवर सिगरेट ओढायला साहेबाबरोबर कोण उतरतं, आणि साडेपाचला ५:५२ पकडायला कोण पळतं? टपरीवर ठरलेलं दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये फक्त वाचून दाखवतात.

हे एकट्या तारोडीचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. व्यवसायातल्या ओळखी वाढवण्यासाठीच १९०५ साली शिकागोत रोटरी क्लब निघाला. बायकांना सभासद करून घ्यायला त्या थोर संस्थेला १९८९ साल उजाडावं लागलं, आणि त्याआधी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला १९८७ साली तिचे कान पिळावे लागले. मधल्या काळात बायका काय करत होत्या? १९२४ साली मँचेस्टरमध्ये रोटरीवाल्यांच्या बायकांनी आपला वेगळा क्लब काढला, त्याचं नाव इनर व्हील. चाकाच्या आतलं चाक. म्हणजे नवरा फिरेल तेवढंच आपण फिरायचं.

आपल्याकडेही कायदा झाला. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना सांगितलं की संचालक मंडळावर निदान एक बाई घ्या. देशभर लायक बाईची शोधाशोध झाली आणि बऱ्याच प्रवर्तकांना ती अखेर घरच्याच डायनिंग टेबलावर सापडली. पत्नी, कन्या, वहिनी, काही ठिकाणी मातोश्री. महाराष्ट्राने २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना दिल्या. बॅनरवर मात्र नगरसेविकेचा फोटो जेवढा, तेवढाच किंवा जरा मोठा तिच्या यजमानांचा. फोन नंबर यजमानांचा. आणि ८ मार्चच्या मेळाव्यात दुपारी दोनपासून बसवून ठेवलेल्या बचत गटाच्या बायकांना संध्याकाळी सहाला येऊन स्त्रीशक्ती म्हणजे काय ते सांगणारेही यजमानच.

पुरुषांना एवढं झोडपल्यावर आता आपल्या डब्याकडे वळू. कारण फक्त बायकांची गाडी मिळून ३० वर्षं उलटून गेली. आपण तिचं काय केलं?

लेडीज डब्यात अनोळखी बाईला विचारण्याची मुभा असलेला एकच प्रश्न आहे. "कुठे उतरणार?" तिने "अंधेरी" म्हटलं की पुढचा, "तुमच्या मागे कोण?" "त्या लाल ड्रेसवाल्या." "मग त्यांच्या मागे मी." पाच मिनिटांत एका सीटची तीन पिढ्यांची वारसदारी ठरते, आणि कोर्टात न जाता पाळली जाते. भल्याभल्या उद्योगघराण्यांना हे जमलेलं नाही. मधे एखादीने घुसखोरी केली तर अख्खा डबा न्यायाधीश होतो. एवढं संघटनकौशल्य, एवढा दरारा, आणि हे सगळं कशासाठी? गोरेगाव ते दादर टेकायला मिळावं म्हणून.

आणि ग्रुप. प्रत्येक डब्यात ठरावीक खिडकीशी ठरावीक ग्रुप. मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते, जानेवारीत हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण, एखादीचं डोहाळजेवण चालत्या गाडीत. एकमेकींच्या सासूची शुगर उपाशीपोटी किती आणि जेवल्यावर किती, तोंडपाठ. मुलांचे टक्के तोंडपाठ. नवऱ्याचा पगार साधारण ठाऊक. बाईचा पगार? छे. तो विचारणं असभ्य. साडी कितीला घेतली विचारायचं, पण महिन्याला किती मिळतात ते नाही. तुझ्या कंपनीत माझ्या हुद्द्याला काय देतात, हे तर मुळीच नाही. त्यामुळे एकाच बाकावर बसून जाणाऱ्या, एकच काम करणाऱ्या दोघींमध्ये कोण नाडली जातेय हे कधी बाहेर येत नाही. ऑफिसवाल्यांनी मुद्दाम नियम केला असता तरी इतका कडक पाळला गेला नसता.

आमच्या बाजूच्या एका ग्रुपातली गोष्ट आहे. एकीच्या कंपनीत अकाउंट्सला माणूस हवा होता. दोन महिने जागा रिकामी. तिच्या समोरच बसणारीची भाची बीकॉम होऊन, टॅली शिकून, घरी बसलेली. या दोघी रोज एकमेकींच्या डब्यातली भाजी खात होत्या. भाचीच्या लग्नाचं बघायचं का, यावर अख्ख्या ग्रुपची चर्चाही झाली होती, दोन स्थळं सुचवून झाली होती. नोकरीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जागा भरली गेली तेव्हा कंपनीवालीने सहज सांगितलं, "बाई गं, सुटले एकदाची, नवा पोरगा आलाय, आता माझं काम हलकं होईल." समोरचीने विचारलं, "कुठून मिळाला?" उत्तर आलं, "साहेबांच्या सोसायटीतल्या कोणाचा तरी."

शिवाय ग्रुप म्हणजे किल्ला. नवी बाई येऊन बसली की 'इथे आमची येणार आहे'. पलीकडे फर्स्ट क्लासमध्ये जी बसलीय ती एखाद्या बँकेची मॅनेजर असेल, दोन डबे सोडून कोणी वकील असेल, पण आपलं जग या आठ जणींत पुरं. सगळ्या एकाच हुद्द्याच्या, एकाच पगाराच्या, एकाच गावाकडच्या. जीव लावायला उत्तम. खबर मिळायला कुचकामी.

लिज्जत पापडाची गोष्ट सांगताना आपण नेहमी त्या सात जणींचं सांगतो. १९५९ साली १५ मार्चला गिरगावच्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गृहिणी जमल्या, त्यांत जसवंतीबेन पोपट, ज्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. बायकांची एकजूट बघा, असं म्हणून आपण डोळे पुसतो. पण पापडाच्या पिठाला ८० रुपये लागले, ते त्या सात जणींपैकी कोणाकडेच नव्हते. सगळ्या लोहाणा निवासातल्याच, एकीचा रिकामा डबा तो सगळ्यांचा रिकामा. ते ८० रुपये दिले छगनलाल करमसी पारेख या बाहेरच्या गृहस्थांनी, उसने. पाकिटं घेतली ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने. मैत्रिणी सात होत्या, पण धंदा उभा राहिला या दोन ओळखींवर. गिरणगावातल्या खानावळवाल्यांचंही तसंच. खोलीखोलीत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांना सावकार ओळखत होता, बँक ओळखत नव्हती. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. त्या बायकांना स्वयंपाक येत होता, हिशेब येत होता, आत्मविश्वास तर सावकारालाही पुरून उरेल एवढा होता. बँकेत कोणी ओळखीचं नव्हतं, एवढंच.

तर नेटवर्किंग कोणाकडून शिकायचं? मला विचाराल तर बीकेसीला जाण्याची गरज नाही. आमच्या उत्तनच्या बंदरापासून भाईंदरच्या बाजारापर्यंत ज्या कोळणी बसतात त्यांच्याकडून. या भागात कामाशिवाय, म्हणजे दिसायला कामाशिवाय, दिवसभर उघड्यावर बसून राहण्याचा हक्क असलेली ती एकच बाई आहे. पाटी समोर असली की तिला कोणी विचारत नाही इथे का बसलीस.

आणि ती ओळखते किती जणांना! बंदरावर कोणाची बोट कधी लागणार हे सांगणारे, बर्फवाला, टेम्पोवाला, बाजाराची पावती फाडणारा, खानावळीचा आचारी. समोरच्या टॉवरमधल्या बायका तर इमारतीनुसार पाठ. कोणाकडे रविवारी पापलेट, कोणाकडे मार्गशीर्षात गुरुवारी काहीच नाही, कोण बुधवारी नवऱ्याला न सांगता कोलंबी नेते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा हीच गिऱ्हाइकं तिच्याकडून सुकट, बोंबील, जवळा नेतात, म्हणजे ओळख बंद हंगामातही चालू. यांतल्या एकीच्याही घरी ती जेवायला जात नाही. पण शाळेत दाखला अडला तर तिला मुख्याध्यापिकेची बहीण ठाऊक असते. पोरीला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर सुरमई घेणाऱ्या बँकवाल्या मॅडमना ती बिनदिक्कत विचारते, आणि मॅडम सांगतात, कारण पुढच्या रविवारी परत तिच्याकडेच यायचं असतं.

मी हे सगळं ग्रॅनोव्हेटरसकट तिथल्या एका मावशींना सांगून पाहिलं. त्या कोयत्याने बोंबील साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तू पेपरात लिवतंस ना गो बाय?"

"हो मावशी."

"तुमच्या हापिसात कँटीन असंल."

"आहे."

"मासली कोन देतो तिथं?"

विचारून नंबर आणून देते, असं मी म्हटलं. मावशींनी बोंबील पिशवीत टाकले, वर दोन जास्तीचे टाकले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"नंबर नको. नाव सांग नुसता. पुढचा मी बगतंय."